ब्रेक लाईट स्विच: आधी तपासा, मग बदला आणि तपासणीचेही पैसे घ्या



ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचं आहे, किंवा स्पेअर पार्टच्या दुकानाला फिटिंगची जोड द्यायची आहे, अशा सगळ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओमध्ये हात कसा चालतो ते दिसतं, पण आकडे आणि तपासणीचा क्रम डोक्यात बसायला लेखच बरा. म्हणून एकदा व्हिडिओ बघा आणि मग हे शांतपणे वाचा.

आजचं काम आहे कारचा ब्रेक लाईट स्विच. पार्ट छोटा, काम पाऊण तासाचं. नवीन दुकानदार नेमका इथेच फसतो, कारण "ब्रेक लाईट लागत नाही" असं ऐकलं की तो थेट स्विच मागवतो. बऱ्याच स्पेअर पार्टच्या काउंटरवर पाटी असते, "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही". म्हणजे अंदाज चुकला तर स्विच तुमच्याच ड्रॉवरमध्ये पडून राहणार. या कामात तुमची खरी कमाई तपासणीत आहे. स्विच कोणीही विकू शकतो.

काम छोटं, जोखीम मोठी

साधा हिशोब करा. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 22 मीटर पुढे जाते, म्हणजे जवळपास पाच कारची लांबी. पुढच्याचे ब्रेक लाईट लागले नाहीत तर मागच्याला कळायला एक सेकंद उशीर झाला, एवढंच आपण धरलंय. बोरघाटात पावसाळ्यातलं धुकं असेल, मागे भरलेला ट्रक असेल, तर हा एक सेकंद फार महाग पडतो. मागे लाल स्टॉप लॅम्प चालू असणं कायद्यानेही बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 102 मध्ये त्याची तरतूद आहे.

त्यामुळे हे काम अर्धवट करून गाडी द्यायची नाही. जोखीम ग्राहकाच्या कुटुंबाची आहे आणि नाव तुमच्या दुकानाचं आहे.

स्विच काम कसा करतो

ड्रायव्हरच्या पायाजवळ, डॅशबोर्डच्या खाली, ब्रेक पेडलच्या दांडीच्या वरच्या बाजूला हा स्विच बसवलेला असतो. त्यातून एक छोटी दांडी बाहेर येते, तिला प्लंजर म्हणतात. पाय पेडलवर नसतो तेव्हा पेडलची दांडी प्लंजरला दाबून धरते आणि लाईटचं सर्किट बंद राहतं. पेडल दाबलं की दांडी पुढे सरकते, प्लंजर बाहेर येतो, आतले कॉन्टॅक्ट जुळतात आणि लाईट लागतात. दाराला बटण असलेल्या फ्रिजसारखंच हे. दार उघडलं की बटण सुटतं आणि आतला दिवा लागतो.

जुन्या आणि साध्या गाड्यांत स्विचला दोन वायरी असतात. एकीवर बॅटरीचा करंट फ्यूजमधून येतो, दुसरी मागच्या लाईटकडे जाते. बऱ्याच नव्या गाड्यांत चार वायरी असतात, म्हणजे एकाच डबीत दोन स्विच. पेडल दाबल्यावर एक जुळतो आणि दुसरा तुटतो. गाडीचा कॉम्प्युटर दोन्हींचा ताळमेळ बघतो. ताळमेळ बसला नाही तर वॉर्निंग लाईट लागू शकतो आणि स्कॅनरवर पी0504 असा कोड मिळू शकतो. पी0571 हा कोडही ब्रेक स्विचच्या सर्किटचाच आहे.

म्हणून ग्राहक कधीकधी ब्रेक लाईटची तक्रार घेऊन येतच नाही. तो म्हणतो, "ऑटोमॅटिक गाडी पी मधून निघत नाही", "बटण दाबून गाडी स्टार्ट होत नाही" किंवा "क्रूझ कंट्रोल लागत नाही". या तिन्ही गोष्टींना ब्रेक दाबल्याचा किंवा सोडल्याचा सिग्नल लागतो. अशी तक्रार आली की आधी मागे जाऊन ब्रेक लाईट बघा. फुकटात होणारी तपासणी आहे.

लक्षण ऐका, दिशा ठरवा

हत्यार उचलण्याआधी एक मिनिट थांबा आणि कोणता लाईट लागतो, कोणता नाही, ते नीट बघा. मदतीला कोणी नसेल तर गाडी मागून शटरजवळ उभी करा आणि आरशात शटरवरचा लाल उजेड बघा. नाहीतर फोन मागे व्हिडिओवर ठेवा. काही गाड्यांत इग्निशन चालू केल्याशिवाय ब्रेक लाईट लागत नाहीत, ते आधी तपासा.

1. एकच बाजू बंद: स्विच सोडून द्या. बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचा अर्थ बघा.

2. खालचे दोन्ही बंद, वरचा तिसरा चालू: साध्या वायरिंगच्या गाडीत स्विच ठीक आहे, कारण तिसऱ्या लाईटला करंट त्याच स्विचमधून येतो. दोन्ही बल्ब एकेक करून गेलेले असू शकतात. ग्राहकाला पहिला गेला तेव्हा कळलंच नसतं.

3. तिन्ही बंद: फ्यूज, स्विच किंवा स्विचपर्यंतची वायर. तीन बल्ब एकाच दिवशी जात नाहीत.

4. तिन्ही कायम चालू: पेडलच्या दांडीवर, प्लंजर जिथे टेकतो तिथे, रबराचं किंवा प्लास्टिकचं एक बटण असतं. वयाने ते कडक होऊन फुटतं आणि प्लंजर त्या भोकातून आरपार जातो. मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर काम झालंच समजा. इथे स्विच बदलून काहीही होणार नाही, बटण बदलायचं. तुकडे नसतील तर स्विचची ॲडजस्टमेंट हललेली असेल किंवा आतले कॉन्टॅक्ट चिकटलेले असतील.

5. कधी लागतात, कधी नाही: झिजलेले कॉन्टॅक्ट किंवा सैल कप्लर.

6. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद लुकलुकतो: अर्थ खराब आहे. स्विचचा संबंध नाही.

सहापैकी तीन ठिकाणी स्विचचा दोषच नाही. अंदाजाने स्विच मागवणाऱ्याचे पैसे कुठे जातात ते इथेच कळतं.

तपासणी: चार पायऱ्या

लागणारी हत्यारं: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, डोक्याला लावायची बॅटरी आणि नव्या गाड्यांसाठी साधा ओबीडी स्कॅनर.

पायरी 1, फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर "स्टॉप" लिहिलेला फ्यूज शोधा. नुसतं डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लॅम्प फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज ठीक. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर असतात, म्हणून हॉर्न वाजवून बघा. हॉर्नही बंद असेल तर फ्यूजवर संशय वाढतो.

फ्यूज उडालेला असेल तर तो का उडाला ते शोधा. वितळलेला होल्डर, बाहेरून बसवलेल्या एलईडी पट्ट्या, टो-हुकची वायरिंग, डिकीच्या बिजागराजवळ घासून तुटलेली वायर, या नेहमीच्या जागा. त्याच अँपिअरचा फ्यूज घाला. मोठा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

पायरी 2, स्विचवरचा करंट. कप्लर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने मीटरची पिन टेकवा. दोन वायरींच्या स्विचमध्ये पेडल न दाबता एका वायरीवर बॅटरीइतकाच व्होल्टेज मिळाला पाहिजे, साधारण 12 ते 12.6. आता पेडल दाबा. दुसऱ्या वायरीवरही तेवढाच आला पाहिजे. तीन उत्तरं येऊ शकतात:

अ) दोन्ही वायरींवर काहीच नाही. दोष स्विचच्या आधी आहे, फ्यूज किंवा वायर.

ब) एका वायरीवर आहे, पेडल दाबूनही दुसरीवर नाही. प्लंजर पूर्ण बाहेर येतोय का ते बघा. येत असेल तर स्विच गेला.

क) दोन्हीवर येतो, तरी लाईट नाहीत. स्विच ठीक आहे. मागे जा, होल्डर आणि अर्थ बघा.

पायरी 3, लोडवर तपासणी. मीटर बीप देतो म्हणून स्विच चांगला असं धरू नका. मीटर अगदी थोडा करंट सोडतो आणि खऱ्या कामात स्विचला जास्त ओढावं लागतं. 21 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 42 वॅट, 12 व्होल्टला भागले की साडेतीन अँपिअर. लाईट चालू असताना मीटरची एक पिन आत येणाऱ्या आणि दुसरी बाहेर जाणाऱ्या वायरीवर लावा. चांगल्या स्विचमध्ये हा फरक शून्याच्या जवळ असतो. एक-दोन व्होल्टचा फरक दिसला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेले आहेत. ग्राहक म्हणतो ना, "लाईट लागतो पण मंद", त्याचं एक कारण हेच.

पायरी 4, चार वायरींचा स्विच. इथे वायरिंग डायग्रामशिवाय कुठलीही वायर कुठे जोडून बघायची नाही. कॉम्प्युटरला चुकीचा करंट गेला तर नुकसान स्विचच्या कितीतरी पट. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि पेडल हळूहळू दाबा. ब्रेक स्विचच्या दोन्ही ओळी बदलल्या पाहिजेत. एकच बदलली आणि वायरी व कप्लर ठीक असतील, तर स्विच बदलायचा.

चारही पायऱ्यांचे आकडे जॉब कार्डवर लिहा. "स्विच इन 12.4, आउट 0". ही एक ओळ पुढे बिलाच्या वेळी उपयोगी पडते.

बदलणं

1. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इग्निशन बंद. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ग्राहकाला आधी सांगा की घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जाऊ शकते. डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाचे कप्लर किंवा पिवळी पाईप चढवलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची आहे, हात लावायचा नाही.

2. जुना स्विच काढण्याआधी फोटो काढा. आट्यांचा असेल तर किती आटे बाहेर दिसतात ते मोजा.

3. कप्लरचं लॉक दाबून कप्लर काढा. वायर धरून ओढू नका.

4. आट्यांच्या स्विचला लॉकनट असतो, तो सैल करून फिरवून काढा. दुसरा प्रकार अर्धवट फिरवून बाहेर येणारा, त्याला पाना लागत नाही.

5. नवा आणि जुना शेजारी ठेवा. पिना सारख्या आहेत का, प्लंजरची लांबी सारखी आहे का, आटे तेच आहेत का ते बघा. पार्ट मागवताना गाडीचं नाव आणि वर्ष पुरत नाही, चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचा स्विच वेगळा असू शकतो.

6. पेडलवरचं ते छोटं बटण शाबूत आहे ना, तेही बघा. तडा गेला असेल तर आत्ताच बदला.

7. बसवताना ॲडजस्टमेंट महत्त्वाची. आट्यांचा स्विच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या अंतरावर लावून लॉकनट घट्ट करा. जास्त आत गेला तर तो पेडलला ढकलून धरतो, ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, चाकं गरम होतात. जास्त बाहेर राहिला तर लाईट विझत नाहीत. आपोआप ॲडजस्ट होणाऱ्या स्विचमध्ये साधारणपणे पेडल दाबून धरायचं, स्विच जागेवर फिरवून लॉक करायचा आणि मग पेडल हळू सोडायचं. पण मॉडेलनुसार पद्धत बदलते, पाकिटावरची सूचना वाचा. काही कंपन्यांचा असा स्विच एकदा काढला की पुन्हा वापरत नाहीत.

8. बॅटरी जोडा आणि तपासा. पेडल थोडंसं दाबलं की तिन्ही लाईट लागले पाहिजेत, सोडलं की लगेच विझले पाहिजेत. पेडलला आधीइतकाच मोकळा खेळ हवा. ऑटोमॅटिक असेल तर पी मधून काढून बघा. कोड पुसा, एक छोटी चक्कर मारा, पुन्हा स्कॅन करा.

एक मर्यादा पाळा. पेडल खोल जातंय, मऊ लागतंय किंवा ऑइल गळतंय असं दिसलं तर ते ब्रेकच्या मिस्त्रीचं काम आहे. ग्राहकाला स्पष्ट सांगा आणि जॉब कार्डवर लिहून द्या.

"दादा, सध्या वायर जोडून द्या"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. "पार्ट उद्या येतोय ना, मग आज दोन्ही वायरी जोडून द्या, मी निघतो." तपासणीसाठी, दोन वायरींच्याच स्विचवर, फ्यूज लावलेल्या वायरने क्षणभर जोडून बघणं वेगळं. तशी गाडी रस्त्यावर सोडणं चूक आहे. लाईट कायम लागलेले राहिले तर मागच्याला तुम्ही ब्रेक कधी मारला ते कळतच नाही. शिवाय साडेतीन अँपिअर सतत गेले तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दहा तासांत रिकामी होते. सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही आणि फोन तुम्हालाच येईल.

उत्तर शांतपणे द्या: "साहेब, गाडी आज इथेच ठेवा, पार्ट आला की पहिलं तुमचंच काम. घाटातून जाणार आहात, असं जोडून मी देणार नाही." काही जण रागावून दुसरीकडे जातील. जाऊ द्या. जे थांबतील ते पुढची सर्व्हिसही तुमच्याकडेच करतील.

आता पैशांचा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

दुकानभाडं 12,000, वीज-इंटरनेट 3,000, हत्यारांची झीज आणि हप्ते 5,000, तुमचा स्वतःचा पगार 30,000. एकूण महिन्याला 50,000. महिन्याचे 25 दिवस, दिवसाला बिल लावता येतील असे 5 तास धरा, म्हणजे 125 तास. एका तासाचा खर्च 400 रुपये. स्वतःचा पगार यात धरायचाच. बरेच जण तो धरत नाहीत आणि वर्षाने विचारतात, एवढं काम करून हातात काही का उरत नाही?

या कामाला 45 मिनिटं, म्हणजे 300 रुपये खर्च. स्विचची खरेदी 320. एकूण खर्च 620. बिल असं करा:

तपासणी: 175
स्विच: 400
फिटिंग आणि टेस्टिंग: 200
एकूण: 775, नफा 155.

आता उलट बाजू बघा. तपासणी न करता स्विच घातला आणि दोष अर्थमध्ये निघाला. ग्राहक परत आला, तुम्ही बिल परत केलं. स्विच काउंटरवाला घेणार नाही. गेले 620 रुपये. भरून काढायला अशी चार कामं बिनचूक करावी लागतील. वीस मिनिटांची तपासणी कशासाठी करायची, याचं उत्तर या आकड्यात आहे.

"एवढ्याशा स्विचचे पावणेआठशे?" असं कोणी विचारलंच तर जॉब कार्ड पुढे करा. "काका, स्विच चारशेचा आहे. बाकीचे पैसे नेमकं काय गेलंय ते शोधायचे आणि नीट बसवून तपासायचे. हे बघा, करंट आत येतोय, बाहेर जात नाही." लिहिलेला आकडा दिसला की माणूस घासाघीस कमी करतो. आणि दोष फक्त बल्बचा निघाला, तर तपासणी आणि बल्ब एवढंच बिल करा. स्विच वाचवला म्हणून तो माणूस चार जणांना सांगेल.

तपासणी फुकट आहे अशी पाटी मात्र लावू नका. फुकट तपासणीचा खर्च शेवटी पार्टमधून काढावा लागतो, आणि मग नको तिथे पार्ट बदलायचा मोह होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

1. घरच्या किंवा ओळखीच्या पाच गाड्यांचे ब्रेक लाईट तपासा आणि वरच्या सहा लक्षणांपैकी कोणतं सापडतं ते वहीत लिहा.
2. एका गाडीचा स्विच न काढता पायरी 2 आणि 3 करा. मिळालेले आकडे लिहा.
3. तुमच्या होणाऱ्या दुकानाचा तासाचा खर्च काढा, स्वतःच्या पगारासकट.

दुकान सुरू झाल्यावर एक सवय लावा. कोणत्याही कामासाठी आलेली गाडी बाहेर पडण्याआधी तिचे ब्रेक लाईट बघायचे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ग्राहकाला जे ड्रायव्हरच्या सीटवरून कधीच दिसत नाही, ते तुम्ही त्याला दाखवता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये टाका. ज्यांचे आकडे जुळत नाहीत, त्यांचा हिशोब पुढच्या धड्यात एकत्र बसून सोडवू.